मुशीची जागा

कारखाना उभा राहत होता तेव्हा माझी बायको तुळसा तिथं माती उपसायला रेजा, म्हणजे मजूर बाई, होती. त्या मातीत तिला धातू वितळवायची एक जुनी मूस सापडली, तळाशी हिरवा गंज धरलेली. गेल्या पावसाळ्यात तुळसा वारली. यंदा नागपूरहून एक जाणकार साहेब मूस बघायला घरी आले.

"सातशे वर्षांपूर्वी इथं तांबं गाळत होते, त्याचा हा पुरावा आहे," ते म्हणाले. "पण नेमकी जागा कळली नाही तर ही नुसती खापरी. जागा दाखवा, जानराव."

"पयले तुमच्या कागदावर शोधणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव लिवा."

"तिथं अधिकाऱ्याचं नाव लिहितात. रेजाचं नाही."

"मंग त्याच अधिकाऱ्याले इचारा ना जागा!"

साहेबांनी शाईने लिहिलं: तुळसाबाई जानराव मेश्राम, रेजा. मी ते त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग त्यांना बाहेर नेऊन कारखान्याच्या धगधगत्या भट्टीकडे बोट दाखवलं.

"त्या भट्टीच्या बुडाखाली, साहेब. खणा आता."



खरी जागा तुळसाने मला कधी सांगितलीच नव्हती.