अर्बनचा माऊथ ऑर्गन

दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की गोराईच्या जेटीवर बेसिल पेटीतून आजोबांचं व्हायोलिन काढायचा आणि त्याची थोरवी सांगत बसायचा. मग अर्बनच्या माऊथ ऑर्गनची पाळी.

"खिशात मावतं ते कसलं रे वाद्य?"

"आणि तुझं मयतासारखं पेटीत झोपतं, ते?"

त्र्याऐंशी सालच्या एका रविवारी अर्बन मस्कतला निघाला. होडीत चढता चढता त्याने माऊथ ऑर्गन बेसिलच्या हातात कोंबला.

"अरे, घेऊन जा ना! खिशात तर मावतो..." बेसिलने तो परत पुढे केला.

"मी नेला तर तू व्हायोलिन सुरात लावणार कशावर? इतकी वर्षं माझा सूर ऐकून गुपचूप तारा पिळतोस, मला काय कळत नाय?"