दुसऱ्या रविवारचा पाठ

कमलीबाईने पवित्र शास्त्र उघडलं, चष्मा नाकावर बसवला, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं, आणि पानावरची सगळी अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली.

तिने डोळे मिटले, उघडले. डोळ्यांची आग आणखी वाढली. चर्चच्या टेबलावर नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चारपैकी दोन मेणबत्त्या पेटल्या होत्या. त्या दोनच्या दहा दिसू लागल्या. गालांवरून धारा लागल्या.

पहाटे आभाळ भरून आलं होतं. मिरची वाळवायच्या पथारीवरून चांदमल शेठचा फोन आला, "मावशी, एक घंटा या. मिरची भिजली तर संपलंच." कमलीबाई गेली. वाळत घातलेली लाल मिरची ढीग करून ताडपत्रीखाली लोटेपर्यंत एका घंट्याचे तीन झाले. पाऊस काही आला नाही. चर्चला पोहोचायच्या आधी तिने साबणाने हात तीनदा धुतले, नखंसुद्धा काडीने कोरली. पदर धुवायचं मात्र डोक्यात आलं नाही. नाव पुकारल्यावर त्याच पदराने तिने चष्मा पुसला, घाम पुसला, डोळेही पुसले.

"हालेलुया!" मागून आमशा ओरडला. "पवित्र आत्मा उतरना!"

मंडळीत कुजबुज झाली. मीनाबाईने नाकाला पदर लावला. तिच्या शेजारची रडायला लागली, मग तिच्या शेजारची. एका म्हाताऱ्याने हात वर केले.

"मी रडी नही ऱ्हायनू," कमलीबाई म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. पाळकसाहेबांनी पुढे येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रडा, कमलीबाई. मन मोकळं होऊ द्या."

कमलीबाईने टेबलावर थाप मारली. मेणबत्त्या हलल्या. सगळे गप्प झाले.

"रडी नही ऱ्हायनू, सांगस ना! मन्हा डोयामा मिरची गयी शे."

मुलं हसली. हात वर केलेल्या म्हाताऱ्याने ते हळूच खाली घेतले. दुसऱ्या ओळीत सरलाबाई शेजारणीच्या कानाशी वाकली, पण बोलली सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वाचता येत नही म्हणीसन मिरचीनं नाव सांगी ऱ्हायनी."

कमलीबाईच्या कानशिलावरची शीर उडाली. दोन वर्षं ती रोज भाकरी थापून झाल्यावर अक्षरं गिरवत होती. नातवंडांच्या वयाच्या पोरांकडून चुका काढून घेत होती. पाठ वाचायला यादीत नाव लागलं ते या वर्षी पहिल्यांदा, याच एका रविवारसाठी.

कोणीतरी तांब्याभर पाणी आणलं. तिने डोळ्यांवर हबके मारले. पाण्याने आग आणखी पसरली. पान समोर धरलं तर नुसता पांढरा धूर.

पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "असं करा, बसा तुम्ही. आज मी वाचतो. तुमचं पुढच्या वर्षी बघू."

"नही."

"मग तोंडपाठ म्हणा. तुम्हाला अख्खा अध्याय पाठ आहे, मला माहीत आहे. डोळे मिटून म्हटलं तरी देव ऐकतोच ना? तुम्हाला वाचता येतं, हे देवाला माहीत आहे."

"देवले माहीत शे," कमलीबाई म्हणाली. "सरलाबाईले माहीत नही."

या वेळी मोठी माणसंही हसली. पाळकसाहेब हसले नाहीत. गीत व्हायचं होतं, उपदेश व्हायचा होता, दुपारी दुसऱ्या गावची उपासना होती. ते खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "इतका हट्ट बरा नाही. पाठ म्हटलं काय आणि वाचलं काय, वचन तेच."

"तोंडपाठ ते मन्ही सासूलेबी व्हतं," ती म्हणाली. "तिले एक अक्षर येत नव्हतं." आणि तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. कोणी ओढून नेलं असतं तर टेबलासकट गेली असती.

पाळकसाहेब मागे सरून खुर्चीत बसले. मंडळीही बसून राहिली. बाकं करकरली. कोणी खोकलं, कोणी गीताचं पुस्तक उघडून पुन्हा मिटलं. कमलीबाईच्या हनुवटीवरून पाणी टेबलक्लॉथवर टपटपत होतं.

शेवटच्या ओळीतून सरलाबाईची सून उठली. तिचं बाळ दीड महिन्याचं होतं. ती पुढे आली आणि तिने बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं.

"कोठे चालनी वं?" सरलाबाईने विचारलं.

सून बाजूच्या खोलीत गेली आणि पडदा ओढून घेतला. बाळ रडायला लागलं. सरलाबाई त्याला थोपटत राहिली, ते काही थांबेना.

थोड्या वेळाने सून बाहेर आली. तिच्या हातात प्रभुभोजनाला द्राक्षरस देतात तो छोटा पेला होता आणि त्याच्या तळाशी चमचाभर दूध. पेला ओळखून पाळकसाहेबांनी काही बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. आमशाने खिडकीकडे मान वळवली. बायकांना कोणी काही सांगायची गरज नव्हती. डोळ्यात मिरची गेली की बाळंतिणीचं दूध घालतात, हे पथारीवरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

कमलीबाईने चष्मा काढला आणि मान मागे टाकली. सुनेने एका हाताने तिची पापणी वर धरली आणि पेला हळूच कलता केला. एक थेंब, दुसरा, तिसरा. चर्चमध्ये फक्त बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

कमलीबाई तशीच थांबली. मग म्हणाली, "आते दुसरा डोया."