होमली पोर

नातीचं लग्न जमावं म्हणून आजीने जिवाचं रान केलं होतं. बायोडेटासुद्धा तिनेच ठणकावून सांगितला, "होमली लिही! घर धरून राहणारी पोर आहे, कळू दे मेल्यांना." नातीने निमूट टाइप केलं आणि परदेशातल्या पाच मुलांना धाडलं.

पाचही नकार आले, फोटोसुद्धा न मागता. आजीचा नुसता तिळपापड! शेवटी तिकडे राहणाऱ्या भाचीने फोनवर उलगडा केला, "अगं मावशी, इकडे होमली म्हणजे दिसायला बेताची!"

आजीने कपाळावर हात मारला. "ऐकलंस का गं? आधी तो मुडदा शब्द खोड!"



"राहू दे गं आजी. मला माहीत होतं, म्हणून तर सगळी स्थळं तिकडचीच निवडली."