चौथं मशीन

वॉर्डात चार व्हेंटिलेटर होते. चारही नवे कोरे, परदेशी गेलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून पाठवलेले. तीन मशीनवरचं प्लॅस्टिकही अजून निघालं नव्हतं. चौथ्याच्या शेजारी शिंपीकाका धापा टाकत पडले होते. वर्गणी जमवणारा परदेशातला डॉक्टर त्यांचाच थोरला.

"लेकाचंच मशीन आहे, सिस्टर. मला भाडं लावू नका हं," काका सकाळी म्हणाले होते. दुपारपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

सिस्टरने थोरल्याला व्हिडिओ कॉल लावला. "दादा, ऑक्सिजन पंच्याण्णव हवा, तो बहात्तरवर आलाय!"

"मग व्हेंटिलेटर लावा ना! चार-चार पाठवलेत, ते काय शोभेला?"

"आधी घशातून नळी घालावी लागते. मला येत नाही हो. मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर गाडीला दोन तास लागतील."

"भूलतज्ज्ञाच्या जागी नवा आला असेल ना? त्याला बोलवा, पाया पडतो तुमच्या!"

"जागा रिकामीच आहे, दादा. तुम्ही त्यांना तुमच्याकडे नोकरीला नेलंत, तेव्हापासून."

थोरल्याने मागे वळून कुणाला तरी जिवाच्या आकांताने हाक मारली. धावत आलेला ओळखीचा चेहरा पडद्यावर दिसला.

"सिस्टर, मीच आहे. घाबरू नका. काकांची मान मागे करा, मी सांगतो तसं."



नळी तिसऱ्यांदा चुकली, तेव्हा काकांच्या बोटावरच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर आकडा होता एक्केचाळीस.