सगळ्यांत साधं तिकीट

टर्की खाटकाकडे सांगून झाली, पुडिंग महिनाभर मुरत पडलंय, आणि आता पोटची पोरगी खुशाल सांगते की यंदा नाताळचं जेवण सासूकडे! ऑल्वेनबाईंना हे काही केल्या गिळवेना. पोस्टाच्या खिडकीशी त्या मुलीकडे पाठ करूनच उभ्या होत्या.

"आई, सासरे जाऊन महिना नाही झाला. त्या एकट्या कशा जेवतील?" मागून ग्लेनिस काकुळतीने म्हणाली.

"मी विधवा झाले तेव्हा ती आली होती का ताट घेऊन?"

एवढं बोलून बाई तिकिटं निवडायला लागल्या. पाद्रीबाबांच्या कार्डाला मेरी आणि बाळाचं, कार्डिफच्या बहिणीला लाल छातीच्या पाखराचं. मग पिशवीतून शेवटचं पाकीट काढलं. "याला सगळ्यांत साधं द्या. दुसऱ्या वर्गाचं."

"पहिल्या वर्गाचं लावलंत तर उद्याच पोचेल," खिडकीतली बाई म्हणाली.

"घाई नाही."

ग्लेनिसने वाकून पत्ता वाचला आणि तिचा चेहराच उतरला. "अगं आई, हा तर माझा पत्ता! तुझ्या दारासमोरचं घर! दरवर्षी तर तू स्वतः रस्ता ओलांडून येतेस, कार्ड आणि केक घेऊन."

ऑल्वेनबाईंनी तिकीट अंगठ्याने दाबून दाबून चिकटवलं.

"गल्लीतल्यांना कार्ड हाताने देतात, बाई. तिकीट लावतात ते लांबच्यांना. आजपासून तू लांबची."