साडूच्या गाडीतलं बटण

"हँडब्रेक कुठाय?" साडूच्या नव्या गाडीत वाकून बघत दिगंबररावांनी विचारलं.

"हे बटण. चढावर गाडी आपली आपण थांबते."

"मग ड्रायव्हर तरी कशाला?" दिगंबरराव म्हणाले. स्वतःच्या गाडीचा हँडब्रेक ते इतका घट्ट ओढत, की दुसऱ्या कुणालाच सुटत नसे. लायसन्स असूनही त्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणूनच बाजूला बसत.

पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली. "ताई, पहिला मान तुझा," म्हणत साडूच्या बायकोने मालिनीबाईंना किल्ली दिली.

लिंबं चिरडत त्यांनी गाडी पुलावर घेतली. चढावर पुढची रिक्षा थांबली. गाडीही थांबली, तसूभर मागे सरकली नाही.

मागच्या सीटवर दिगंबररावांना साडूचा हेवा वाटेनासा झाला. आता तो बायकोचा वाटत होता.

"येताना मी चालवतो," ते म्हणाले.

"कशाला? बसा निवांत," मालिनीबाई आरशात बघत म्हणाल्या.