रिबकाची विनंती

“हिला खाली बसवा, पाळकबाई. दुसरं कुठलंबी पोर उठवा,” फुलाबाई पदर तोंडाला लावून कुजबुजली. पण पाच वर्षांची तिची नात रिबका सतरंजीवरून उठून उभीसुद्धा राहिली होती.

“मी नाव घेतलं नाही, फुलाबाई. ती आपणहून उठलीये. देवापुढून लेकराला खाली कशी बसवू?”

बारामतीच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत पूर्वी उपासना सुरू झाली की पोरांना बाहेरच्या शेडमध्ये चित्रं रंगवायला पिटाळायचे. नव्या पाळकबाई आल्या आणि म्हणाल्या, पोरं घरच्यांच्या मांडीला मांडी लावून बसतील. चुळबुळ करतील तर करू देत, देवाला सवय आहे. तेव्हापासून रिवाजच पडला. दर रविवारी एका पोरानं उभं राहून मनातली विनंती मोठ्यानं मागायची आणि साऱ्या मंडळीनं “हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक” म्हणायचं. पोरंही काय एकेक मागायची! कुणाला शेळीला दोन करडं हवी असायची, कुणाला गणिताच्या गुरुजींची बदली. मंडळी हसू दाबून त्यालाही साथ द्यायची.

आज हसायची कुणाची छाती नव्हती. रिबका काय मागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईला बरं कर, म्हणणार. आणि तिची आई सुप्रिया, फुलाबाईची एकुलती एक लेक, तिला माती देऊन चोवीस दिवस झाले होते.

सुप्रियाला पुण्याच्या दवाखान्यात हलवलं तेव्हा रिबकाला लासुर्ण्याला आजीकडं आणून ठेवलं होतं. मातीच्या दिवशी ती शेजारच्या शमाच्या घरी तिच्या लेकाबरोबर, अयानबरोबर खेळत होती. जावयानं हात जोडले. “मामी, माझ्या तोंडून न्हाय निघायचं. तुमीच सांगा तिला.” फुलाबाई सांगायला म्हणून बसली आणि तोंडातून भलतंच निघालं. “आई दवाखान्यात हाय गं. बरी हुतीया.”

झालं! मग त्या खोट्याला रोज चारापाणी करावं लागलं. रोज संध्याकाळी पुण्याहून न आलेला फोन यायचा आणि गेलेली सुप्रिया दोन घास जास्त जेवायची. रडायची तर चोरीच. पोटची लेक गेली आणि या बाईला हंबरडा फोडायला स्वतःचं घर नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. वैरणीच्या निमित्तानं ती उसात शिरायची, पदराचा बोळा तोंडात कोंबून रडायची आणि पाटाच्या पाण्यानं तोंड धुऊन घरी यायची.

रिबका दारातच उभी असायची. “डोळ्यात कुसळ गेलं का गं आजी?” म्हणायची आणि फ्रॉकच्या टोकावर फुंकर घालून तिचा डोळा शेकायची. पण आई कधी येणार, हे विचारायचं तिनं सोडून दिलं होतं. फोनचा विषय निघाला की “व्हय?” म्हणायची आणि लगेच दुसरंच काहीतरी काढायची, पिवळ्या कोंबडीनं अंडं कुठं घातलं, अयाननं कुणाला ढकललं. जेवताना आधी आजीच्या ताटात भाकरी टाकायची. फुलाबाईला हायसं वाटायचं आणि त्याच घटकेला काळजात कळ यायची. लेकरूच ते, विसरलं. पण आईला इतक्यात विसरावं?

चर्चला यायचा धोशाही पोरीनंच लावला होता. फुलाबाईनं तीन रविवार चुकवले, चौथा चुकवता आला नाही. आज सकाळी रिबकाला पाणी प्यायला आत धाडून तिनं चर्चच्या दारात येईल त्याच्यापुढं हात जोडले. “पाया पडते, पोरीसमोर कुणी काय बोलू नका.” सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकबाई तेवढ्या म्हणाल्या, “उद्या तिला कळलं, तर ती पुन्हा कुणावर विश्वास ठेवेल?”

“अजून एक आठवडा द्या मला,” फुलाबाई म्हणाली होती.

आता आठवडा कुठला! खोट्या मागण्याला चाळीस माणसं देवापुढं होकार देणार होती, आणि ते तिच्यामुळं. फुलाबाईनं रिबकाचा हात धरला. बास. इथंच, सगळ्यांदेखत सांगून टाकायचं. मग पोर बोल लावू दे नाहीतर तोंड फिरवू दे.

“रिबका, बाळा, मी तुला...”

“थांब ना आजी.” रिबकानं हात हलकेच सोडवून घेतला. “तू जरा कान झाक. घट्ट झाक.”

फुलाबाईनं तळवे कानांवर ठेवले, पण ते घट्ट काही बसेनात. आजीनं खरंच कान झाकलेत ना, हे रिबकानं वाकून पाहिलं. मग डोळे मिटले, हात जोडले आणि आवाज बारीक केला.

“देवबापा, आई तुझ्याकडं आली, ते मला ठाव हाय. अयाननं सांगितलं. पण आजीला अजून कुणीच सांगितलं न्हाय. तिला कळू देऊ नको.”